तीस दिवसांची चूल

८ एप्रिल १९४०, सोमवार. पाडवा.
कडुलिंब खाल्ला. नवी वही सुरू. ही कुणाला दाखवायची नाही, तरी अक्षर नीट काढावं. कचेरीत निजामाची फसली तारीख घालतो, इथं इंग्रजी. उद्या हैदराबादेहून बोलावणं आलं तर सवय असलेली बरी.

बोलावणं येणारच. आमच्याकडे मोफत औषधोपचार कमिटी नेमली गेली आहे. गरिबांना गावच्या दवाखान्यात खाट, दूध आणि औषध फुकट मिळायचं आहे. पण गरीब कोण? आजारी कुणाला म्हणावं? कुटुंब म्हणजे काय, रहिवासी म्हणजे काय? हे चार शब्द आधी पक्के बांधून घेतले पाहिजेत, नाहीतर कुणीही येऊन खाटेवर झोपेल. कमिटीचे अध्यक्ष माणिकराव देशमुख यांनी हे काम माझ्याकडे दिलं. म्हणाले, "व्यंकटराव, तुमचं अक्षर चांगलं आहे." अक्षर हे नुसतं निमित्त. माणसाची पारख आहे त्यांना.

संकल्प: अक्षयतृतीयेच्या आत चारही व्याख्या तयार. रोज पहाटे उठणे. तंबाखू बंद. रोज पाच इंग्रजी शब्द पाठ.

९ एप्रिल, मंगळवार.
उठायला उशीर झाला. पुरणाचा दोष.

तरी एक मोठं काम झालं. दवाखान्याला पत्र लिहिलं: "व्याख्या मंजूर होईपर्यंत या कचेरीच्या चिठ्ठीशिवाय कोणाही इसमास मोफत उपचारासाठी घेऊ नये." चुकीच्या माणसाला फुकट क्विनाइन गेलं की योजनेची इज्जत गेली. कंपाउंडर शंकरसिंगनं पोच दिली. पत्रात एकही खाडाखोड नाही. नक्कल घरी आणून तीनदा वाचली.

११ एप्रिल, गुरुवार.
'गरीब' घेतला. पहिला ड्राफ्ट: ज्याला दोन्ही वेळ पोटभर मिळत नाही तो. मनकर्णेला वाचून दाखवला. बायको असली तरी जनतेचं मत घ्यावं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग एकादशीला आमी गरीब का?" खोडला. दुसरा ड्राफ्ट: ज्याच्या दारी जनावर नाही तो. म्हणाली, "त्या पेठंतल्या शेटच्या दारी कुटं हाय जनावर? वास येतो म्हून ठिवत न्हाई." हाही खोडला. बायकांना तर्क कळत नाही, पण खोडावं मात्र लागतं.

माणिकरावांना विचारलं. म्हणाले, "गरीब? अहो, दिसतो की!" ही काही कायद्याची भाषा नव्हे.

तंबाखू एकदाच. तीही विचार करताना.

१२ एप्रिल, शुक्रवार. सुटी.
सुटीतही काम. 'आजारी' एका बैठकीत झाला. "जो स्वतःच्या पायांनी चालू शकत नाही तो आजारी." किती सुटसुटीत! खाली लगेच नियम घातला: अर्जदाराने कचेरीत समक्ष हजर राहावे.

दुपारी दोन्ही एकत्र वाचले. किंचित अडचण आहे. जो चालत येईल तो आजारी नाही, आणि जो आजारी आहे तो येणारच नाही. पुढे बघू. खर्च कमी राहील ही जमेची बाजू.

१३ एप्रिल, शनिवार.
पहिली केस! नामाजी म्हणून एक मेंढपाळ, साखऱ्याकडचा. बायको पंचफुलाबाई त्याला तट्टावर बसवून घेऊन आली. पायात नारूचा किडा. चार बोटं बाहेर आला होता, काडीला गुंडाळून ठेवला होता. मेंढराचा धक्का लागला आणि आत तुटला. पाय भोपळ्यासारखा सुजलाय. आधी दवाखान्यात गेले होते. शंकरसिंगनं चिठ्ठी आणायला इकडे पाठवलं. पत्राचा अंमल चोख चालू आहे.

चौकशी केली. चालता येतं? नाही. म्हणजे आजारी. माझी व्याख्या पहिल्यांदा कामाला आली, अंगावर काटा आला. मग गाडी अडली. तट्टू कुणाचं? म्हणाली, आमचंच. हे वाईट झालं. मेंढरं किती? चाळीस, पण त्यातली तीस लोकांची. राहता कुठं? तर म्हणे, "हाव साखऱ्याचे. पर घरी चारच महिने. बाकी वावरावावरानं मेंढरं बसवीत हिंडतो. खत पडतं, वावरवाला दाणे देतो. जिथं मेंढरं तिथं आमी."

मी म्हटलं, बाई, हा पत्ता झाला नाही. तट्टावरून नामाजीनं पाणी मागितलं. मी स्वतः दिलं. दया आली, येणारच. पण दया लिहायला फॉर्मात रकाना नाही. 'रहिवासी' उद्या पुरा करतो असा शब्द दिला.

१४ एप्रिल, रविवार.
पहाटे नऊ वाजता सुचलं! मनकर्णा चूल फुंकत होती, तिच्याकडे बघताना. एका चुलीवर जेवतात ते कुटुंब. आणि ज्याची चूल या गावाच्या हद्दीत एकाच जागी सलग तीस दिवस पेटली तो रहिवासी. एका चुलीवर दोन शब्द शिजले. हैदराबादेत असली माणसं असतील का, शंका आहे.

पंचफुलाबाई आणि नामाजी कचेरीसमोरच्या लिंबाखाली रात्री राहिले होते. तिला व्याख्या वाचून दाखवली. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "तीस म्हंजे एक महिना. गावात कुटं बी चालंल?" म्हटलं, चालेल. ती उठली आणि ओढ्यावरून तीन दगड घेऊन आली. मेंढरं दिराच्या हवाली केली. तट्टू, दोन शेळ्या आणि आजारी नवरा एवढं ठेवून घेतलं. संध्याकाळी लिंबाखालून धूर निघाला. कायदा लोकांपर्यंत असा पोचला पाहिजे.

१५ एप्रिल, सोमवार.
चूल-नोंदवही उघडली. लाल शाईने रकाने. दिवस २: चूल पेटली, समक्ष पाहिली.

२० एप्रिल, शनिवार.
दिवस ७. रोज सकाळी तपासणीला जातो. पंचफुलाबाई शेळीच्या दुधाचा चहा करते. घ्यावा लागतो, नाहीतर चूल खरोखर तापली की नाही हे कसं कळणार? लाच नव्हे. गूळ मी घरून नेतो.

नामाजी पडून असतो. बोलणं कमी. मला बघून विचारतो, "मुनशीजी, आज कितवा?" सातवा म्हटलं. म्हणाला, "बराबर चाललंय मंग." समजूतदार माणूस.

चहानंतर तंबाखू लागतेच. उद्यापासून बंद.

२५ एप्रिल, गुरुवार.
दिवस १२. मनकर्णा आता रोज तिकडे जाते. धोतऱ्याची पानं गरम करून बांधते. सूज उतरत नाही. आज घरी येऊन माझ्या अंगावरच आली. दवाखाना पन्नास पावलांवर हाय, माणूस लिंबाखाली विव्हळून राहिलाय, तुमी त्याला उचलून काहून नेत न्हाई? मी शांतपणे समजावलं, की नेणं माझ्या हातात नाही, व्याख्या माझ्या हातात आहे. म्हणाली, "काहून?" परत समजावलं. परत "काहून?" तिसऱ्यांदा मी जेवायला बसलो.

इंग्रजी शब्द: एलिजिबल, म्हणजे पात्र. आज एकच पुरे.

२९ एप्रिल, सोमवार.
दिवस १६. पायाला वास येऊ लागलाय. चहा आता वाऱ्याची बाजू बघून, उभ्यानं घेतो.

वाईट वाटलं म्हणून मोठेपणानं वाकडी वाट केली आणि माणिकरावांच्या आमराईत गेलो. म्हटलं, तीस दिवसांचे पंधरा करायला मंजुरी द्या. ते पाडाचे आंबे हुंगून बघत होते. म्हणाले, "तुम्हीच ठरवा की. मला काय कळतं त्यातलं?" आता हे कसं चालेल? मी ठरवायचं म्हणजे कुणाला विचारून? वरच्यानं सांगावं, खालच्यानं करावं. वरचाच खाली बघू लागला तर माझ्यासारख्यानं कुठं बघावं? दोन आंबे दिले. कच्चे निघाले.

३ मे, शुक्रवार. सुटी.
दिवस २०. सुटीतही तपासणी केली, कारण रोगाला सुटी नसते. हे वाक्य प्रस्तावनेत घालायचं.

डॉक्टर गेले दहा-बारा दिवस गावात नाहीत. खेड्यांत पटकीची साथ सुरू झाली आहे, सुया टोचत फिरताहेत.

६ मे, सोमवार.
दिवस २३. आता सातच राहिले. चिठ्ठी आधीच लिहून तयार ठेवली आहे. नामाजी, आजारी, गरीब, रहिवासी, कुटुंब दोन माणसांचं. ('गरीब' अजून खोडाखोडीत आहे; पण या केसपुरता माणिकरावांचाच अर्थ लावला. दिसतो.) फक्त सही आणि तारीख बाकी. खिशात घेऊन फिरतो. अक्षर इतकं साधलं आहे की घडी घालायला जीव होत नाही.

नामाजीला ताप आहे. आता तो कितवा विचारत नाही. पंचफुलाबाई विचारते.

८ मे, बुधवार.
पटकी शेजारच्या वाडीपर्यंत आली. दुपारी दवंडी फिरली: उद्या मरीआईचा गाडा निघणार. गाडा शिवेबाहेर जाईपर्यंत गावात कुणी चूल पेटवायची नाही, जात्याला हात लावायचा नाही.

दवंडीवाला पुढे गेला आणि पंचफुलाबाई आमच्या ओट्याशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "मुनशीजी, उद्या मी पेटवू का नको? गावची आसंल तं पेटवता येत न्हाई. भायेरची आसंल तं पेटवीन, पर मंग तुमी भायेरची लिवताल."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला इतका चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता. म्हटलं, विचार करून लेखी उत्तर देतो. म्हणाली, "मला वाचता येत न्हाई." म्हटलं, वाचून दाखवीन. दिवे लागेपर्यंत सहा ड्राफ्ट केले. सहाव्यात मला स्वतःलाच कळेना, मी पेटवा म्हणतोय की नका म्हणतोय.

९ मे, गुरुवार.
गाडा दुपारी निघाला. हलगी, लिंबाचे डहाळे, हळदी-कुंकवानं माखलेली लाकडी मरीआई. पलीकडच्या गावचे लोक काठ्या घेऊन शिवेवर उभे. आमच्याकडे ढकलू नका म्हणून. गाडा ओढ्यातच अडकला. आज पार होत नाही म्हणतात. गावात एका घरातून धूर नाही.

लिंबाखालचे तीन दगडही गार. लेखी उत्तर घेऊन मी गेलो होतो, पण तिनं आधीच ठरवलं होतं. म्हणाली, "पंचवीस दिस ह्या गावचं पाणी पिलो. गावावर इघ्न आणून मला चिठ्ठी नको." मनकर्णेनं दोघांना कालची शिळी भाकरी नेऊन दिली. नामाजीनं खाल्ली नाही.

नोंदवही उघडली. दिवस २६. मनकर्णा मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, "मारा की रेघ. कोण बघून राहिलंय?" मी म्हटलं, खोटी नोंद माझ्या हातून व्हायची नाही. लिहिलं: चूल पेटली नाही. सलगपणा भंग. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

एक गोष्ट नंतर लक्षात आली. या हिशोबानं आज गावात कुणीच रहिवासी उरलेलं नाही. माणिकराव नाहीत. मीही नाही. पण माझी गोष्ट वेगळी आहे. व्याख्या करणारा व्याख्येच्या बाहेर असतो. तसं कलम मात्र कुठं सापडलं नाही.

१० मे, शुक्रवार. अक्षयतृतीया.
चारही व्याख्या पूर्ण! 'गरीब' शेवटी असा बसवला: ज्याच्याजवळ या कचेरीची चिठ्ठी आहे तो. पाडव्याचा संकल्प पुरा झाला. आयुष्यात पहिल्यांदाच.

सकाळी गाडा शीव ओलांडून गेला. चुली पेटल्या. पंचफुलाबाईला सांगितलं, आजपासून पुन्हा दिवस १. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बरं."

चहा केला होता तिनं. अर्धा तसाच ठेवला. गूळ जास्त झाला असावा.

१३ मे, सोमवार.
दिवस ४. नामाजीची बोटं काळी पडलीत. तो आता विव्हळत नाही, आणि ते जास्त वाईट आहे.

कचेरीत कुणी नव्हतं. चिठ्ठी खिशातून काढली. दौतीत टाक बुडवला. एक सही, एक तारीख. कोण रागावणार? माणिकरावांना कळणारही नाही. हैदराबादेत तर आमच्या गावाचं नावही कुणाला माहीत नसेल. टाक वाळला. परत बुडवला. परत वाळला. भीती कुणाची वाटते ते लिहायला बसलो तर एकही नाव सुचत नाही. चिठ्ठी खिशात ठेवली आणि घरी आलो.

तंबाखू दिवसभर.

१६ मे, गुरुवार.
डॉक्टर परत आले. घोड्यावरून उतरतानाच त्यांना वास आला. लिंबाखाली गेले, पायावरची पानं काढली, आणि मग कचेरीत आले. बसले नाहीत. विचारलं, किती दिवस झाले? मी नोंदवही पुढे केली. तेवढी तरी व्यवस्थित होती.

पुढचं सगळं लिहवत नाही, पण लिहितो. म्हणाले, चिठ्ठी लागते ती खाटेला आणि दुधाला. पाय चिरून पू काढायला कसली चिठ्ठी? ते तर मी कुणाचंही करतो, ओट्यावर बसवून करतो. म्हटलं, मग शंकरसिंगनं परत का पाठवलं? त्यांनी शंकरसिंगला हाक मारली. त्यानं माझंच पत्र आणून टेबलावर ठेवलं. कोणाही इसमास घेऊ नये. खाली माझी सही. डॉक्टर म्हणाले, "तेरा एप्रिलला ते आले तेव्हा मी आतल्या खोलीत होतो. नुसता आवाज दिला असता."

मी विचारलं, खेड्यांवर जाण्याआधी तुम्ही रोज इथूनच जात होता, लिंबाखाली माणूस दिसला नाही? म्हणाले, "दिसला. तुम्ही रोज तिथं बसून चहा पीत होता. मला वाटलं, तुमचे पाहुणे आहेत."

१७ मे, शुक्रवार.
नामाजीला रेल्वेनं मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर स्वतः बरोबर गेले. पाय वाचायचा नाही, जीव वाचला तर बघू, असं म्हणाले. पंचफुलाबाईनं जाताना चूल विझवली आणि मला विचारलं, मी नसताना दिवस मोडतील का? मनकर्णेनं तिचा हात धरून तिला गाडीत बसवलं.

तट्टू दीर घेऊन गेला. शेळ्या आमच्या अंगणात आहेत.

३ जून, सोमवार.
कमिटीची मीटिंग. एकतीस पानांचा ड्राफ्ट मी नव्या रुमालात बांधून नेला होता. माणिकरावांनी पहिलं पान लांब धरून बघितलं, "वा, अक्षर!" म्हणाले आणि रुमाल परत बांधला. मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, डॉक्टर ज्याला म्हणतील त्याला फुकट द्यावं, काय? सगळे हो म्हणाले. ठराव एका ओळीत झाला. ती ओळ लिहायला मलाच सांगितली.

चिठ्ठीची पद्धत बंद. मीटिंग पाव तासात संपली. नंतर आमरस होता.

घरी आल्यावर मनकर्णेला सांगितलं. म्हणाली, "येवढंच व्हतं तं पाडव्याला काहून न्हाई केलं?" महिनाभरात माझ्याशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य.

१० जून, सोमवार.
नामाजी जगला. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. आज सकाळी दीर त्यांना गाडीतून घेऊन आला, शेळ्या न्यायला. नामाजीला लिंबाला टेकवून बसवलं होतं. वाळलाय. मला बघून त्यानं हात जोडले. मी बाहेर जावं की न जावं ते ठरेना, शेवटी गेलो.

साखऱ्याला परत चाललेत. मेंढरं आता दीर बघणार. नामाजीला मेंढरांमागं जाता येणार नाही, आणि बसल्या जागेवरून मेंढरं राखता येत नाहीत. हे त्यानंच सांगितलं, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. मी म्हटलं, काही लागलं तर सांगा. काय लागणार आणि मी काय देणार, हे त्यालाही माहीत होतं. त्यानं बराबर आहे म्हणून मान हलवली.

पंचफुलाबाई शेळ्या सोडून घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "मुनशीजी, आता ह्ये कुटंच जात न्हाईत. एका जागी ऱ्हातील. आता तरी रहिवासी झाले का?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला ओळखता आला असता. तिला खरंच विचारायचं होतं. तिनं माझी व्याख्या ध्यानात ठेवली होती, माझ्यापेक्षाही नीट.

मी म्हणालो, झाले.

म्हणाली, "मंग तेवढी चिठ्ठी द्या."

व्याख्या कमिटीनं वाचल्यासुद्धा नाहीत, चिठ्ठीला आता कुणी विचारत नाही, पहिल्या दिवशीही तिची गरज नव्हती, हे सगळं सांगायचं होतं. तोंड उघडलं. मनकर्णा दारात उभी होती. आत जाऊन खिशातली चिठ्ठी काढली, सही केली, तारीख घातली, आणि आणून दिली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली, चार घड्या घातल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.